आईची हाडं विरळ होताहेत: गोळ्या, साशे आणि आपलं शीत-हुमण यांचा मेळ कसा घालावा?

मये_तळ्याकाठी

आईचं वय ६१, वजन ५२ किलो, पाळी ४८व्या वर्षी थांबली. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारी) कण्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी तो आकडा) उणे १.९ आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा उणे २.२ आला. व्हिटॅमिन डी २४ नॅनोग्रॅम, क्रिएटिनिन व्यवस्थित. मधुमेह आहे, ग्लायकेटेड हिमोग्लोबिन (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ७.८. त्यासाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन चालू आहे. थायरॉइडची गोळी पहाटे सहाला घेते, पित्तासाठी पॅन्टोप्राझोल बरीच वर्षं चालू. हाड आजवर मोडलेलं नाही.

कॅल्शियमची ५००ची गोळी ती थायरॉइडच्या गोळीपाठोपाठ चहाबरोबर घेते, म्हणजे विसरायला होत नाही. व्हिटॅमिन डीचा ६०,००० युनिटांचा साशे (पावडरीची पुडी) दर रविवारी, कित्येक महिने न थांबता.

जेवण आपलं नेहमीचं गोव्याचं. सकाळी पाव आणि पातळ भाजी, दुपारी शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) आणि माशाची एक तुकडी, रात्री पोळी किंवा परत शीत. सोमवारी आणि गुरुवारी शिवराक (शाकाहार). दूध फक्त चहापुरतं, पण सोलकढी रोज लागते.

विचारायचं ते असं. कॅल्शियमच्या दोन गोळ्या कराव्यात का? साशे असाच चालू ठेवायचा का? गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्यायला नातेवाईक सांगताहेत, आणि कोलॅजन पावडर व के-२ची गोळीही कुणीतरी सुचवली आहे. यातलं काय खरंच हाडापर्यंत पोचतं?

अन्नमीमांसा_मडगाव

गोळ्या दोन की एक हे ठरवण्याआधी ताटातलं कॅल्शियम मोजा. दोन चहांतलं मिळून शंभर मिली दूध म्हणजे १२० मिग्रॅ. माशाच्या तुकडीच्या मांसात फार नसतं, काटा आपण काढून टाकतो. शीत, पाव, नारळ, डाळ, भाजी धरून एकूण साडेतीनशे-चारशेच्या पुढे हे ताट जात नाही. एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२०च्या शिफारशीत प्रौढांसाठी दिवसाला १००० मिग्रॅ आहे, पाळी थांबलेल्या बाईसाठी साधारण १२०० धरतात. म्हणजे आठशेची तूट आहे.

सोलकढीबद्दल आधी सांगते, कारण हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे. नारळाचा रस पांढरा असला तरी त्यात दुधासारखं कॅल्शियम नसतं. एका पेल्यात जेमतेम २०-३० मिग्रॅ. पचनाला, चवीला खुशाल घ्यावी, पण कॅल्शियमच्या हिशेबात धरू नये.

तूट भरायला पहिली वस्तू दही. दुपारी एक वाटी, रात्री एक वाटी, मिळून २०० ग्रॅम, त्यातून अडीचशेच्या आसपास. रात्री झोपताना २०० मिली दूध घेतलं तर आणखी २४०. दूध पचत नसेल तर तेवढंच दही किंवा ताक, पण ताक घट्ट हवं. अर्धं पाणी घातलं की कॅल्शियमही अर्धं.

मग नाचणी. १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिग्रॅ, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत १७५. इथे एक बारकावा आहे. नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः दाण्याच्या सालीत असतं. तिझन (नाचणीची गोड पेज) करताना नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळतात आणि चोथा टाकतात. त्या चोथ्याबरोबर कॅल्शियमचा मोठा वाटा जातो. विकतच्या पांढुरक्या सत्त्वाचंही तसंच. शिवाय गुळातलं पातळ तिझन मधुमेहात साखर झपाट्याने चढवतं. म्हणून तुमच्या आईसाठी सालासकट पिठाची भाकरी बरी, आणि बरोबर अळसांद्यांची (चवळीची) उसळ. नाचणी रात्रभर भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर फायटेट (कॅल्शियम अडवून धरणारं द्रव्य) कमी होतं आणि शोषण सुधारतं.

पालेभाज्यांत निवड करावी लागते. पालक, तांबडी भाजी (लाल माठ), अळू यांच्या तक्त्यातले आकडे मोठे दिसतात, पण ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. पालकातलं जेमतेम ५ टक्के शोषलं जातं, दुधातलं २५ ते ३० टक्के. या भाज्या लोह आणि व्हिटॅमिन केसाठी खाव्यात. कॅल्शियमसाठी शेवग्याचा पाला घ्या. तो आठवड्यातून दोन-तीनदा, नारळ घालून सुका.

मासळीचा खरा फायदा काट्यासकट खाल्ल्यावर होतो. मोतयाळी, वेर्ल्यो असले छोटे मासे कुरकुरीत करून सबंध खाता येतात. तारले कुकरमध्ये आमसुलं घालून मंद आचेवर २५-३० मिनिटं ठेवले की काटा बोटाने चुरडतो. मधला कणा चुरडला नाही तर तो तुकडा खायचा नाही, घशात अडकेल. तारले-बांगड्यांतून थोडं व्हिटॅमिन डी पण मिळतं.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत मात्र सुक्या बांगड्यांवर आणि खाऱ्या सुंगटांवर (कोलंबीवर) भर येतो. तिथे मीठ नडतं. साधारण सहा ग्रॅम मिठातलं सोडियम लघवीवाटे ४० मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम घेऊन जातं. ४० ऐकायला थोडं वाटतं, पण हे शोषलेलं कॅल्शियम आहे. तेवढं परत अंगी लागायला ताटात सव्वाशे-दीडशे मिग्रॅ वाढवावं लागतं. सुकं नुस्तं कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा, पाणी दोनदा बदला, आणि त्या दिवशी लोणचं-पापड नको.

आणि प्रथिनं. तुमच्या यादीतली सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते. हाडाच्या आकारमानाचा जवळजवळ अर्धा भाग कोलॅजनच्या जाळ्याने व्यापलेला असतो, कॅल्शियम त्यावर बसतं. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे ५२ ते ६२ ग्रॅम. मूत्रपिंड व्यवस्थित आहे तेव्हा हे प्रमाण सोसतं. मासे १०० ग्रॅम (साफ केल्यावर) १८-२०, दोन अंडी १२, अळसांदे ३० ग्रॅम कोरडे ७, वर सांगितलेलं दही आणि दूध मिळून १३, बाकी तांदूळ-पोळीतून. शिवराक दिवशी माशाचे १८ ग्रॅम कुठून येणार ते आधीच ठरवा, नाहीतर आठवड्यातले दोन दिवस नुसत्या शीत-वरणावर जातात. त्या दिवशी १०० ग्रॅम पनीर किंवा ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या.

एवढं सगळं जमलं तर गोळीतून ३००-५०० मिग्रॅपेक्षा जास्त लागणार नाही. दोन गोळ्यांची गरज मला दिसत नाही.

फार्मसी_काउंटर

वर आहाराचं नीट आलंय, मी फक्त गोळ्यांबद्दल लिहितो. आधी जे चुकतंय ते. थायरॉक्सिनपाठोपाठ (म्हणजे थायरॉइडच्या गोळीपाठोपाठ) कॅल्शियम घेतलं तर कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून बसतं, गोळीचा बराच भाग वाया जातो, टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) वर चढतो, मग डॉक्टर थायरॉक्सिनचा डोस वाढवतात. पुढे कधी कॅल्शियम बंद झालं की तोच वाढवलेला डोस जास्त होतो, आणि जास्तीचं थायरॉक्सिन हाड झिजवतं. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. वेळा अशा लावा: सहाला थायरॉक्सिन साध्या पाण्याबरोबर, चहा पावणेसात-सातला, कॅल्शियम दुपारच्या जेवणात. अंतर बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा, डोस कमी करावा लागू शकतो.

दुसरी गोष्ट पॅन्टोप्राझोलची. बहुतेक ५००च्या गोळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात. १२५० मिग्रॅ कार्बोनेटमध्ये ५०० मिग्रॅ कॅल्शियम. कार्बोनेट विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि पॅन्टोप्राझोल तेच कमी करतं. अशा वेळी सायट्रेट चांगलं, ते आम्लाशिवायही शोषलं जातं. पण सायट्रेटमध्ये कॅल्शियम फक्त २१ टक्के. पाकिटावर ठळक अक्षरांत '१००० मिग्रॅ कॅल्शियम सायट्रेट' छापलेलं असेल तर हाती येतात २१० मिग्रॅच. लेबलावर मूलद्रव्यरूपी कॅल्शियम किती हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तोच आकडा मोजायचा. आणि कुठलीही गोळी असो, एका वेळी ५०० मिग्रॅपेक्षा जास्त नको, त्यापुढे शोषणाचं प्रमाण घसरतं. पॅन्टोप्राझोल अजून लागतंच का, हेही डॉक्टरांना विचारा. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

आता साशे. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साधारण ८,५०० युनिट. देखरेखीशिवाय रोज घेण्याची सुरक्षित कमाल ४,००० मानतात. कमतरता असताना आठ आठवडे दर आठवड्याला देतात आणि मग थांबून महिन्याला एक करतात. महिन्याला एक म्हणजे दिवसाला २,०००. तुमच्याकडे २४ आकडा केव्हाचा आहे ते पाहा. साशे सुरू होण्याआधीचा असेल तर आता परत मोजा, आणि बरोबर रक्तातलं कॅल्शियमही. तो साशे चालू असतानाचा असेल तर साशे पोचतोय की नाही हेच पाहावं लागेल. तो जेवणानंतर, दुधातून घ्यावा, कारण व्हिटॅमिन डी स्निग्धाबरोबर शोषलं जातं. कॅल्शियमच्या गोळीतही डी असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं. सगळं एकत्र मोजा. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखं वागणं अशी लक्षणं दिसली तर साशे बंद करून त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम तपासा. 'आठवड्याला एक' हे 'रोज एक' असं वाचून विषबाधा होते, मूत्रपिंडावर येते. चिठ्ठीवर वार लिहून घ्या.

सहा लाखांचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नको म्हणा. ऑस्ट्रेलियात वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलेल्या म्हाताऱ्या बायकांमध्ये पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं, हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालं आहे. आणि ज्यांच्यात कमतरता नाही त्यांना जास्तीच्या डीने हाडं मोडणं थांबत नाही. अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांना रोज २,००० युनिट किंवा औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी देऊन झालेल्या अभ्यासात २०२२मध्ये हाच निष्कर्ष आला. डीची भूमिका कमतरता भरून काढण्याची आहे. ती भरली की पुढे वाढवून काही मिळत नाही.

चुना: गव्हाचा दाणा साधारण ४०-५० मिग्रॅ वजनाचा. तेवढा कोरडा चुना धरला तरी त्यात २५ मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम, ओल्यात त्याहून कमी. दोन चमचे दह्यात तेवढं आहेच. उलट चुना दाहक आहे, पित्ताचा त्रास असलेल्या बाईला मुळीच नको. पानपट्टीच्या चुन्यात काय मिसळलेलं असतं त्याची तपासणी कुणी केलेली नसते.

कोलॅजन पावडर पोटात गेल्यावर अमिनो आम्लांत आणि छोट्या तुकड्यांत मोडते. तिच्यात ट्रिप्टोफॅन नसतं म्हणून प्रथिन म्हणूनही ती अपुरी. त्याच पैशांत महिन्याची अंडी आणि दही येतं. के-२मुळे हाडं मोडणं कमी होतं याचा भक्कम पुरावा नाही, आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी तर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात धरू नये. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर रक्ततपासणीआधी दोन-तीन दिवस बंद करा, थायरॉइडचे आणि व्हिटॅमिन डीचे आकडे त्याने चुकीचे येऊ शकतात.

मये_तळ्याकाठी

खूप उपयोगी पडलं. दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. आईला पूर्वी मुतखडा झाला होता, म्हणून घरातले कॅल्शियमलाच घाबरतात. आणि ती रोज सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन करते, ते चालू ठेवावं ना?

फिजिओ_फोंडा

पश्चिमोत्तानासन थांबवा. हलासन, पोटाचे सिट-अप आणि कंबरेतून झटक्याने वळणं पण. विरळ हाडाचा कणा पुढे वाकवला की मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा भार येतो आणि मणका पाचरीसारखा चेपतो. सूर्यनमस्कारातला हस्तपादासन तोच धोका घेऊन येतो. भुजंगासनासारखं हलकं मागे वाकणं, ताडासन, वीरभद्रासन चालेल.

याहून जास्त भार घरकामातून पडतो. आदोळीवर (विळीवर) बसून मासे चिरणं, नारळ खवणं म्हणजे पाठ गोल करून अर्धा-पाऊण तास. आदोळी ओट्यावर किंवा टेबलावर घट्ट बसवा, उभ्याने काम करू दे. बादली उचलताना ती अंगाजवळ घेऊन, पाठ सरळ ठेवून, गुडघे आणि कंबरेच्या सांध्यातून बसून उचलायची.

नुसत्या चालण्याने हाड फारसं वाढत नाही. हृदयाला, साखरेला ते चांगलं, पण हाडाला नेहमीपेक्षा जास्त ताण जाणवावा लागतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठ ते दहा वेळा, तीन फेऱ्या. जमू लागलं की छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरून तेच. ओट्याला धरून टाचा उचलणं. भिंतीवर हात टेकून दंड. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. शेवटच्या दोन वेळा कष्ट पडले पाहिजेत, तरच वजन बरोबर आहे. एका पायावर उभं राहणं मात्र रोज, ओट्याशेजारी, दहा सेकंदांपासून सुरू करून तीसपर्यंत.

घराची पाहणी करा. पावसाळ्यात अंगण, पायऱ्या आणि विहिरीच्या काठावर शेवाळ येतं. ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं, आणि ओलं असताना आईला तिथे जाऊ द्यायचं नाही. न्हाणीघरात धरायला दांडा भिंतीत स्क्रूने बसवलेला हवा, चिकटवलेला नको. रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर दिवा.

आणि एक मोजमाप आजच घ्या: भिंतीला टेकून उंची. तरुणपणाच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त कमी झाली असेल तर कण्याचा बाजूने एक्स-रे हवा. मणका चेपला तरी पुष्कळदा दुखत नाही. 'हाड मोडलेलं नाही' हे एक्स-रेशिवाय ठामपणे म्हणता येत नाही.

अंतःस्राव_ओपीडी

उंचीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. एक्स-रेत चेपलेला मणका दिसला तर टी-स्कोअर उणे २.५ला न पोचताही तो ऑस्टिओपोरोसिसच (हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार) असतो, आणि मग आहार-गोळ्यांवर थांबायचं नसतं.

हाड सतत मोडतं आणि बांधलं जातं. जुनं हाड खाणाऱ्या पेशी दोन-चार आठवड्यांत खड्डा करतात, तो भरायला बांधणाऱ्या पेशींना तीन-चार महिने लागतात. इस्ट्रोजेन खाणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी थांबली की तो आवर जातो, खड्डे जास्त होतात आणि भरणं मागे पडतं. कॅल्शियम-डी कमी पडलं तर पॅराथायरॉइड हार्मोन (गळ्यातल्या छोट्या ग्रंथींचं) रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडातून उचल करतं. आहाराने ही दुसरी गळती बंद होते, पहिली होत नाही. म्हणून कॅल्शियम दुप्पट करून इस्ट्रोजेनची उणीव भरत नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत मधुमेहाकडे बघायला हवं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२३च्या अहवालात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे हा प्रश्न इथल्या किती घरांचा आहे ते पाहा. जास्तीची साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून त्यांना कडक आणि ठिसूळ करते. डेक्सा फक्त खनिजाची घनता मोजतो, हा ठिसूळपणा त्यात दिसत नाही. त्यामुळे टाइप २ मधुमेहात टी-स्कोअर असतो त्यापेक्षा धोका जास्त असतो, आणि काही तज्ज्ञ उणे २.०लाच औषधाचा विचार करतात. त्यातून या वयात कण्यातल्या मणक्यांना वाढलेल्या कडा घनता खोटी वाढवून दाखवतात. तुमच्याकडे मांडीचा आकडा कण्यापेक्षा वाईट आहे, त्याचं हे एक कारण असू शकतं. मांडीचाच आकडा धरून चाला.

डॉक्टरांशी तीन औषधांबद्दल स्पष्ट बोला. पायोग्लिटाझोनने बायकांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण वाढतं, त्याला पर्याय आहेत. ग्लिमेपिराइडने रात्री साखर उतरली तर तोल जाऊन पडण्याची भीती. मेटफॉर्मिन बरीच वर्षं असेल तर बी-१२ तपासा, ते कमी झालं की पायांच्या नसा बधिर होतात. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका. तपासण्या: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, अल्ब्युमिन, पॅराथायरॉइड हार्मोन, टीएसएच.

अलेन्ड्रोनेट (हाड खाणाऱ्या पेशींना रोखणारी गोळी) सुरू झालं तर घेण्याची पद्धत कडक आहे. आठवड्यातून एकदा ७० मिग्रॅ, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चघळायची नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहा, अन्न, दुसरी गोळी काही नाही. थायरॉक्सिनही उपाशीपोटी असल्यामुळे त्या दिवशी कोणती गोळी आधी हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. अन्ननलिकेत जळजळ किंवा गिळताना दुखणं असेल तर ही गोळी नको, शिरेतून देण्याचं औषध आहे. दात काढायचे असतील तर ते आधी उरकून घ्यावेत. पुढचा डेक्सा एक ते दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर. शिबिरांत टाचेवर मशीन लावून देतात तो आकडा याच्याशी ताडून पाहू नका.

अन्नमीमांसा_मडगाव

मुतखड्याबद्दल. खडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, पण जेवणातलं कॅल्शियम कमी केल्याने ते वाढतात. कॅल्शियम जेवणाबरोबर पोटात असलं की ऑक्झलेट आतड्यातच त्याला बांधलं जातं आणि शौचावाटे जातं. ते नसलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात आणि मग लघवीत उतरतं. म्हणून दही जेवणातच हवं. धोका आहे तो गोळ्यांचा. अमेरिकेत छत्तीस हजार बायकांवरच्या अभ्यासात रोज १००० मिग्रॅच्या गोळ्यांनी खड्यांचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलं होतं.

तुमच्या आईसाठी गोळी सायट्रेटची, दुपारच्या जेवणाच्या मध्येच, ३०० मिग्रॅच्या आसपास पुरे. पाणी एवढं की लघवी दोन-अडीच लिटर व्हावी, मे महिन्यात त्याहून जास्त प्यावं लागेल. अळू आणि पालक खायचे त्या दिवशी बरोबर दह्याची वाटी हवीच, आणि तीळ दिवसाला एका चमच्यापेक्षा जास्त नको, त्यांच्या सालीतही ऑक्झलेट असतं. खडा कशाचा होता त्याचा जुना रिपोर्ट सापडला तर इथे टाका. युरिक आम्लाचा निघाला तर सुंगटांचं आणि तारल्यांचं प्रमाण परत ठरवावं लागेल.